डिटेक्टरला कुंकू

मंडळींनो, हे पत्र वाचून नेहमीसारखं पुढच्याकडे धाडा. आज माझं डोकंच चालत नाहीये.

श्रीवर्धनच्या आमच्या प्रयोगशाळेत मी किरणोत्सर्ग मोजणारा डिटेक्टर बनवतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नखाएवढी सिलिकॉनची चकती, वर सोन्याचा अगदी पातळ थर. खाऱ्या हवेनं चार चकत्या खाल्ल्या. पाचवी, शेवटची, काल चालली! परवा मुंबईचे साहेब येऊन ती बघणार आणि ठरवणार आहेत, काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं.

आज खंडेनवमी. आमचे म्हातारे फिटर पांडूकाका यांनी सकाळीच हत्यारांची पूजा केली. मी पोचलो, तर काचेच्या बरणीतल्या चकतीवरही हळदकुंकू! हलक्या हातानं पुसायला गेलो, तर सोनंच निघून आलं. यंत्राला जोडून पाहिली. मेली होती.

मी ओरडणार, एवढ्यात काका म्हणाले, "सायेब, सगळ्यांच्या आधी हिलाच लावलं. तुमचा जीव हिच्यात हाय, ठावं हाय मला."

त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. "पूजा पावंल ना, सायेब?"

मी "पावेल" म्हणालो. खोबरं अजून टेबलावर तसंच आहे.

तुमची उत्तरं वेळेत पोचणार नाहीत. तरी सांगा, परवा साहेबांसमोर काय ठेवू? आणि काकांना खरं कोण सांगणार?