सकाळीच लिहिलेली गोटमार

शहाऐंशी साली नलिनी विद्यापीठात पत्रकारितेचा डिप्लोमा करायला गेली, तेव्हा पांढुर्ण्यात तिच्या वडिलांची मान ताठ झाली होती. शिकवणं म्हणाल तर सर खुर्चीत बसून पिवळ्या पडलेल्या कागदांवरून छापखान्याचा इतिहास सांगायचे आणि पोरं मुकाट उतरवून घ्यायची. बातमी आणायची कशी, हे शिकवायला कुणाला सवड नव्हती. परीक्षेला मात्र स्वतःची छापून आलेली एक बातमी जोडायची होती. नाहीतर वर्ष पाण्यात.

पोळ्याला ती गावी आली आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे गेली. रघुनाथराव गावातले पेपरचे एजंट, म्हणून वार्ताहरही तेच. त्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरची गावं नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी एकमेकांवर गोटे मारायची, तीच गोटमार.

"गोटमारीचं लिही," काका म्हणाले. "पण आत्ताच. बातमीचं पाकीट दुपारच्या गाडीनं नागपूरला जाते. संध्याकाळी झेंडा निघेपर्यंत थांबली तं छापून येत नाही. मी तं दरसाल सकाळीच लिहून राहिलो."

नलिनी कचरली, पण वर्ष बुडायची धास्ती मोठी होती. जाम नदीत झेंड्याचा पळस उभा होत होता, तेव्हाच तिनं लिहून टाकलं: पांढुर्णा आणि सावरगावनं एकमेकांवर दगड मारले, झेंडा निघाला, कुणालाही गंभीर इजा नाही. पाकीट गाडीत पडलं.

त्यानंतर गोटमार सुरू झाली आणि शेजारच्या गुणवंताच्या डोळ्यावर गोटा बसला. त्याला उचलून नेताना नलिनीनं पाहिलं. तशीच ती पोस्टात धावली, बातमी थांबवायला नागपूरचा ट्रंककॉल लावला. लाइन लागेना. बाकावर बसून ती देवाचा धावा करत होती. बातमी छापून येऊ नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर, यावी म्हणूनही.

बातमी आली, तिच्या नावासकट. वडिलांनी पेपर चार घरी दाखवला. मग गुणवंताची आई, केसरबाई, तोच पेपर घेऊन दारात आली.

"वाचून दाखव ना पोरी. माह्या गुणवंताचं काय लिहिलं? डोळा राहते का जाते, दवाखान्यात कोणी सांगून नाही राहिलं. पेपरात नाव आलं तं डॉक्टर नीट पाहतील."

केसरबाईला अक्षर येत नव्हतं. दोन ओळी मनानं जोडून वाचल्या असत्या तर तिला कळलंही नसतं. नलिनीनं पेपर मिटला.

"मावशी, त्याचं नाव नाही यात. हे मी सकाळीच लिहिलं होतं."

केसरबाईनं पेपर तिच्या हातून परत घेतला.

"सकाळी? सकाळी तं तो माह्यापाशी बसून जेवून राहिला होता."