डॉक्टरांची शेवटची तपासणी

मोटरसायकल सुसाट पळवायच्या शर्यतीचं आमचं लायसन दरवर्षी नवं करायचं, तर डॉक्टरची सही लागते. आमचे डॉक्टर क्रांती चौकाजवळ बसतात. डोळे, कान, बीपी बघून झालं, की सही करायची सोडून ते स्कूटरची किल्ली उचलतात. "चला, मागं बसा." मग मान मागं वळवून गप्पा मारत, दोन्ही पाय लोंबकळत ठेवून भर गर्दीत चौकाला एक चक्कर. परत आल्यावर लगेच नाडी धरतात.

यंदा माझी जोरात धडधडत होती. गेलं लायसन, म्हटलं.

"लई भ्यालात की!"

"व्हय, डॉक्टर."

त्यांनी हसत सही ठोकली. "काल सिल्लोडचा एक जण आलता. जरा पण भ्याला नाय. त्याला परत पाठवला."