लडाखचं अंदाजपत्रक

मोटारसायकलवर लडाखला जायचं हे आम्हा नवरा-बायकोचं ठरलं, तेव्हा मुलगी पहिलीत होती. ती तिसरीत गेली की निघायचं, आणि तोवर दोघांनी दर महिन्याला दोन-दोन हजार बाजूला टाकायचे. नवरा लातूरच्या एका खाजगी शाळेत शिक्षक. मी एका डाळ मिलच्या ऑफिसात हिशोब बघते. तुरीचे कट्टे किती आले, डाळ किती निघाली, हमाली किती, ट्रकचं भाडं किती, हे दिवसभर. त्यामुळे खर्चाचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी आनंदानं घेतलं.

दोनशे पानी वही होती. जेवायच्या सुट्टीत डबा संपला की मी ती उघडायची. नांदेडहून अमृतसरची थेट गाडी आहे, तिच्यात मोटारसायकल पार्सल टाकता येते, हे मला आधी माहीत नव्हतं. माहेरी हदगावला जाताना मी मुद्दाम नांदेडला उतरले आणि स्टेशनवर चौकशी केली. टाकी रिकामी करावी लागते, गाडीला गोणपाट बांधून द्यावं लागतं. ते बांधणारी माणसं बाहेरच बसतात, त्यांना काय घेता म्हणून विचारलं. एकजण म्हणाला, "कुणाची गाडी हाय ताई?" मी म्हणाले, "माझी." गाडी नवऱ्याच्या नावावर होती, पण मला तसं म्हणावंसं वाटलं.

अमृतसर, जम्मू, श्रीनगर, कारगिल, लेह, तिथून मनाली आणि दिल्ली. रोज किती किलोमीटर, चढावर गाडी किती ॲव्हरेज देईल, पेट्रोल पंप कुठं आहे, कुठं नाही. बाहेरची प्रीपेड सिमं तिकडे चालत नाहीत, म्हणून एक सिम पोस्टपेड करायचं. क्लचची वायर जास्तीची घ्यायची. लेहला पोचल्यावर दोन दिवस काहीच करायचं नाही, नुसतं पडून राहायचं, कारण तिथं हवा विरळ, अंगाला सवय व्हावी लागते. त्या दोन दिवसांची खोली आणि जेवण मिळून पाच हजार मी धरले होते. अडीअडचणीला दहा हजार वेगळे. बेरीज शहाण्णव हजारांवर बसली, आणि दोन वर्षांत आमचे दोघांचे बरोबर शहाण्णव हजार जमणार होते. बेरीज जुळली त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच हसले.

मी चालवणारही होते. हदगावला शेतावर जायला बाबांनी मला अकरावीत मोटारसायकल शिकवली होती. सपाटीवर मी, घाटात नवरा, असं ठरलं होतं.

निघायला दोन महिने राहिले होते. एका रविवारी नवरा बाहेरून आला, चहा मागितला, आणि म्हणाला, "तिकिटं काढली."

मी विचारलं, "कन्फर्म मिळाली का दोन्ही?"

"तीन काढली." मग म्हणाला, "अगं, ते दोघं पण यायला लागलेत."

ते दोघं म्हणजे त्याचे शाळेपासूनचे मित्र. एक रस्त्यांची कामं घेणारा कंत्राटदार, दुसऱ्याचं औसा रोडला औषधाचं दुकान. दोघं आपापल्या गाड्या घेऊन येणार होते. तीन माणसं, तीन तिकिटं. मी हातातला कप खाली ठेवला.

"माझं?"

"तूच बघ ना. तीन गडी माणसं, त्यात तू कुठं झोपणार? तुला वेगळी खोली घ्यावी लागणार. खोलीचे पंधराशे तूच धरलेत. आम्ही तिघं एका खोलीत राहिलो तर माणशी पाचशे पडतात. तूच हिशोब कर."

माझ्याच वहीतला आकडा घेऊन तो मला समजावत होता. त्यानं वही बघितली होती तर. दोन वर्षं मला वाटायचं, हा नुसता हो-हो करतो, बघत काही नाही.

मी म्हणाले, "आपलं दोघांचं ठरलं होतं."

"जाऊ की. पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ. रस्ता बघून ठेवतो, तुलाच सोपं पडंल."

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आन् लेकराकडं कोण बघणार हाय? जाऊ दे त्याला. बाईमाणसानं कशाला थंडीत मरायला जायाचं." मुलगी सतरा दिवस हदगावला आजीकडे राहणार हे सहा महिने आधी ठरलं होतं, ते त्यांनाही माहीत होतं.

मी भांडले, पण नीट भांडता आलं नाही. रडू आलं, आणि रडायला लागलं की आपलं म्हणणं संपतं. नवरा गच्चीवर गेला. मी बाबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "जाऊन राहिला तर जाऊ दे. तुझे पैसे माग."

मी मागितले नाहीत. आज कुणी विचारलं की का नाही मागितले, तर मला धड उत्तर देता येत नाही. घरात पैसे मागणं कसं दिसेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

याहून वाईट पुढं झालं. निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं वही मागितली, आणि मी दिली. नुसती दिली नाही, तर रात्री बसून तिघांच्या हिशोबानं नवीन पानं करून दिली. पेट्रोलच्या रकान्यात तीन गाड्या, जेवणात तीन माणसं. इतकी मेहनत फुकट जाऊ नये असं वाटत होतं. मी नाही तर निदान माझे आकडे तरी जातील. स्वतःवर चीड येते ती या एका गोष्टीची.

ते गेले. पाचव्या दिवसापासून ऑफिसात फोन यायला लागले.

पहिला श्रीनगरच्या अलीकडून. "दरड पडलीय, गाड्या थांबल्यात. आज श्रीनगर गाठायचं का मधेच राहायचं?" मी पोत्यांची पावती हातात धरून त्याला सांगितलं की मधे कुठल्या गावात स्वस्त खोल्या आहेत. मागून कंत्राटदार ओरडला, "वहिनी, तुमचं बजेट लई भारी हाय! जिथं म्हणलं तिथंच पंप हाय बघा!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी घरी गुणगुणत गेले.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. आवाज बसलेला होता.

"पैसे पाठव."

"काय झालं?"

कंत्राटदार आजारी पडला होता. लेहला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हे तिघं उंच खिंडीकडे निघाले. वर जाता जाता त्याचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या, मग धाप. गाडी तिथंच सोडून त्याला एका टेम्पोतून खाली आणलं आणि दवाखान्यात ऑक्सिजन लावला.

मी म्हणाले, "दोन दिवस पडून राहायचं लिहिलं होतं ना वहीत?"

"ते आम्हाला वाटलं उगंच धरलंय. दोन दिवसांचा खर्च वाचवला."

"आणि अडचणीचे दहा हजार?"

तो दवाखान्याचं नाव सांगायला लागला.

"अहो, दहा हजार कुठं गेले?"

"श्रीनगरला हाऊसबोटीत राहिलो दोन रात्री. परत परत येणं होतं का तिकडं?"

माझे साठवलेले पैसे नवऱ्यानं मुदत ठेवीत टाकले होते. माझ्या खात्यात मुलीच्या शाळेच्या फीचे पंधरा हजार होते. त्यातले बारा पाठवले. आणि बजावलं, डॉक्टर म्हणतील तोवर हलायचं नाही, पाणी पाजत राहा, पुन्हा वर नेऊ नका. फोन ठेवल्यावर मालकानं विचारलं, "काय झालं ताई, कुणी गेलं का?" माझा चेहरा तसा झाला असावा.

कंत्राटदार तिसऱ्या दिवशी उठला. मग लेह सोडताना शेवटचा फोन, पुढं पंप कुठं आहे म्हणून. मी म्हणाले, "आहे तिथंच टाक्या भरा आणि प्रत्येकी पाच लिटरचा कॅन घ्या. पुढं सव्वातीनशे किलोमीटर काही नाही." कॅन घ्यायचं वहीत लाल पेनानं लिहिलं होतं. वही कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बॅगेत तळाला हाय, कोण काढतंय आता."

परत आल्यावर पुढच्या रविवारी आमच्याकडे सगळे जमले. दोघे मित्र, त्यांच्या बायका, शेजारचे, शाळेतले दोन शिक्षक. टीव्हीवर फोटो लावले होते. निळं तळं, बर्फाच्या भिंतीमधून गेलेला रस्ता, काळे चष्मे लावून उभे असलेले तिघं. नवऱ्यानं सासूबाईंना आणि मला एकेक शाल आणली होती. लातूरच्या उन्हाळ्यात ती गुडघ्यावर घेऊन सासूबाई फोटो बघत होत्या. मी भजी तळत होते.

शेजारच्या सरांनी विचारलं, "किती खर्च आला हो?"

नवरा म्हणाला, "माणशी पंचावन्न. आधीच सगळं काढलं होतं मी. कुठं मुक्काम, कुठं पंप, एक-एक रुपया. असं प्लॅनिंग लागतं, न्हाई तर माणूस मधेच लटकतो."

मी ताट घेऊन दारात उभी होते. औषधाच्या दुकानवाल्या मित्रानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून भजं उचललं. त्याला सगळं माहीत होतं. कंत्राटदारालाही माहीत होतं. बाकीच्या कुणाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ताट ठेवून आत आले. कढईतला घाणा करपला होता.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "'हिनं काढलं' म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं?"

तो चार्जर शोधत होता. "अगं, बोलायच्या ओघात गेलं. एवढं काय त्यात."

फीचे बारा हजार कंत्राटदारानं महिन्याभरानं दिले. ते नवऱ्याच्या खात्यात आले आणि तिथंच राहिले. फी मी उसनवारी करून भरली. माझ्या अठ्ठेचाळीस हजारांचं मी एकदा काढलं, तेव्हा तो म्हणाला, "देतो की, पळून चाललोय का?" पुढच्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी घराला रंग दिला. आपण दोघंच जाऊ हे पुन्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

मग एक दिवस कंत्राटदाराचा मला फोन आला. "वहिनी, औंदा सिक्कीमला जायचं म्हणतोय तिघं. तुम्ही तेवढं बजेट करून द्या ना. तुमच्याशिवाय काय जमत न्हाई आम्हाला."

मी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "करून देते भाऊजी. तीन हजार घेईन."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याचं हसणं हळूहळू थांबलं आणि तो म्हणाला, "बरं बरं, पाठवतो." पाच मिनिटांत पैसे आले.

संध्याकाळी नवरा घरी आला तो लाल होऊन. "माझ्या मित्राला पैसे मागितलेस? मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. काय म्हणला असंल तो?"

"पाठवतो म्हणाले."

"घरातल्या माणसात हिशोब असतो का?"

"नसतो ना," मी म्हणाले, "म्हणून बाहेरच्याकडून घेतले."

तो चार दिवस बोलला नाही. सासूबाईंनीही दोन दिवस अबोला धरला. मी ऑफिसातून येऊन सिक्कीमचं काढत बसायची. सिलिगुडीपर्यंत रेल्वे, पुढचे परवाने, उंचीवरच्या गावातल्या खोल्या. त्या तिघांत नवरा होताच. त्याचं जेवण, त्याचं पेट्रोल, त्याचा कोट, सगळं मीच धरलं आणि कागद मित्राकडे पाठवून दिले. ते जाऊन आले. या खेपेला काही अडलं नाही.

त्यानंतर ओळखीतून ओळख निघत गेली. लातूरचे, उदगीरचे, औशाचे गट येतात. कुणाला लडाख, कुणाला स्पिती, कुणाला अरुणाचल. आता मी पाच हजार घेते. नवऱ्याला ते आवडत नाही, पण घरात पैसे येतात म्हणून गप्प बसतो. ते पैसे किराण्यात आणि मुलीच्या शिकवणीत जातात. दूरच्या घाटांतल्या खोल्यांचे भाव मला तोंडपाठ आहेत. मी स्वतः औरंगाबादच्या वर कधी गेलेली नाही.

गेल्या महिन्यात औशाचं एक जोडपं आलं होतं. लग्नाला वर्षही झालं नसेल. दोघंच जाणार होते. मुलगा खर्चाचं विचारत होता, मुलगी माझ्याकडे बघत होती. जाताना तिनं दारात थांबून विचारलं, "ताई, तिथं वर गेल्यावर श्वास घ्यायला कसं वाटतं हो? भीती वाटते का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही गं."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती हसली आणि नवऱ्याच्या मागं गाडीवर बसून निघून गेली.