बाबांच्या रिपोर्टातला शब्द

हे आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगायलाच हवं, नाहीतर माझी धडधड थांबणार नाही! बाबांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली होती ना, तिचा रिपोर्ट आला. त्यावर एकच लांबलचक शब्द, 'मायलोडिस्प्लास्टिक', आणि पुढे प्रश्नचिन्ह. डॉक्टर यायला तासभर होता. आजाराबद्दल वाचायची हिंमत होईना, म्हणून मी तो शब्द आला कुठून तेच शोधत बसले. ग्रीक निघाला! मायलो म्हणजे मज्जा. डिस म्हणजे बिघडलेलं. प्लास्टिक म्हणजे घडवणं, कुंभार मातीला घडवतो तसं. म्हणजे आपल्या हाडांच्या आत रोज गुपचूप रक्त घडत असतं, आणि आपल्याला पत्ताच नसतो!

"काय गं, काय लिहिलंय?" कमरेवरची पट्टी चाचपत बाबांनी विचारलं.

"मज्जा आणि घडवणं, असा अर्थ आहे बाबा."

"अरे वा, चांगलाय की! मग तोंड कशाला पाडलंयस? चल, चहा घेऊ."

मधला तुकडा मी गाळलाच. बाबा खुशीत कॅन्टीनकडे निघालेत आणि मी त्यांच्यामागे चालत हे टाइप करतेय. घरच्या माणसाला खरं सांगताना नेमका एवढासाच शब्द तुमच्याही घशात अडकलाय का कधी?