कडीच्या नाण्यांना अल्बम शोधताना: लोणंद ते विटा

अल्बम घ्यायला कुणी दोन दिवसांचा प्रवास करतं का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी बॅग भरत होते. "ऑनलाइन मागव की," म्हणाला. मागवले होते. एक आला तो नव्या रेनकोटसारखा वास मारत होता आणि दुसऱ्याचे कप्पे एवढे लहान, की गावाहून नमुन्याला आणलेलं आण्णांचं नाणं त्यात शिरेना. शेवटी ठरवलं, ते नाणं पर्समध्ये टाकायचं, लोणंदला गाडीत बसायचं आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक अल्बममध्ये ते स्वतः घालून बघायचं. आणि मिळालेला अल्बम घेऊन तसंच पुढे विट्याजवळच्या आमच्या गावी जायचं.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या खानापूर-विटा भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. परमुलखात छोटं दुकान थाटायचं, लोकांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं. आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे तात्या, दोघांची उमेदीची वर्षं ओडिशातल्या एका बाजारगावात भट्टीपुढे गेली. तात्या धडधाकट राहिले. आण्णांची फुफ्फुसं मात्र तेजाबाच्या धुराने खाल्ली. घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरायचं आणि आण्णा एका दमात चार शब्द बोलायचे.

तिकडून येताना त्यांनी एक पितळी डबा आणला होता. त्यात पन्नासेक चांदीची नाणी, राणीछाप आणि राजाछाप रुपये. सगळी वितळवायला म्हणून दुकानात आलेली आणि का कोण जाणे, न वितळवता राहिलेली. बायकांच्या गळ्यातल्या माळेतली, म्हणून बहुतेकांना ओवायला कडी डाकून जोडलेली. काळीठिक्कर. कुणाच्या अक्षरांत कुंकू बसलेलं, कुणावर तेलाचा थर. आण्णांना त्यातलं प्रत्येक नाणं कुणाचं ते पाठ होतं. गेल्या खेपेला मला जवळ बोलावून म्हणाले, "दोन्ही बाजू दिसतील... असं लाव. खाली लिव कुणाचं ते. मी सांगतो." डॉक्टरांचं बोलणं ऐकता सांगायला फार दिवस उरले नव्हते. माझी घाई एवढ्यासाठीच होती.

पहिला मुक्काम सातारा. रेल्वेने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे आणि रिक्षावाल्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घासाघीस करूनच बसा. राजपथावरच्या एका मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मालकाने फळीवरून तीन अल्बम काढले आणि वरची धूळ माझ्या दिशेने झटकली.

"हा घ्या ताई. नाण्यांना चालतोय, लग्नाच्या फोटोलाबी चालतोय."

मी पान उघडून नाकाला लावलं. तोच रेनकोट.

"आवं, वास जातोय की चार दिसात!"

वास जातो, पण प्लास्टिक तेच राहतं. जमवणाऱ्यांनो, मऊ, चिकटसर, वासाच्या प्लास्टिकची पानं कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकटा धरतो आणि तो धातू खात जातो. मी त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तवर कोन बघतंय!" मला एकदम आण्णांचं मशीन आठवलं आणि त्या माणसाचा विनाकारण राग आला. पाव किलो कंदी पेढे घेऊन मी स्टँड गाठला.

कराडपर्यंत हायवे आहे, बाईमाणसाला एसटीचं तिकीट अर्धं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. कराडला जुनी नाणी-नोटा विकणारा एक तरुण दुकानदार आहे असं कळलं होतं. त्याच्याकडे पुठ्ठ्याच्या चौकटी होत्या. मधे गोल खिडकी, नाणं आत ठेवून चारी बाजूंनी पिन मारायची, मग ती चौकट अल्बमात सरकवायची. दिसायला फार देखणं, पण पिनांना गंज चढतो, आणि माझं नाणं तर कडीमुळे खिडकीत बसेचना.

त्याने नाणं उलटसुलट केलं. "मॅडम, कडी काढून टाका ना. तशीही कडीमुळे किंमत पडते नाण्याची."

"विकायचं नाही," मी म्हटलं.

"मग तर काय, काढाच."

मी नाणं त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमावर गेले. मोकळी हवा, पोरंबाळं, भेळेच्या गाड्या. भेळ घेतली, पण अर्धी तशीच राहिली. तिथूनच घरी फोन लावला. आण्णांना बोलवेना, म्हणून तात्यांनी घेतला.

"काय मिळंना बघा तात्या. कुठल्याच कप्प्यात कडीचं नाणं बसत नाही. हा बाबा तर म्हणतो, कडीच काढा."

"कडीचंच हाय व्हय? त्येची काळजी तू करू नगंस. तू ये निवांत. तवर मी बघतो."

तात्या कायम असंच म्हणतात. नळ गळू दे नाहीतर लग्न मोडू दे, तात्या 'मी बघतो' म्हणणार. मी हसून फोन ठेवला. स्टँडजवळच्या लॉजवर राहिले. खोली स्वच्छ होती, डास फार, कॉइल सोबत ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सांगली. खिडकीबाहेर ऊस, मग पलूसच्या बाजूला द्राक्षांचे मांडव, नदी, पुन्हा ऊस. सांगलीत एक निवृत्त शिक्षिका नाणी जमवतात आणि अल्बमही मागवून विकतात. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी माझं नाणं कडेने धरून खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि आतून एक जाड अल्बम आणला. कडक, काचेसारखी स्वच्छ पानं, वास नाही. कप्पे मोठे, मोठ्या पदकांसाठी केलेले. दोन्ही बाजू दिसतात. फाइलसारखी रिंगांची बांधणी असल्यामुळे पानं वाढवता येतात, आणि प्रत्येक कप्प्याखाली चिठ्ठी सरकवायला पट्टी. नाणं आत सोडलं तर कडीसकट बसलं. मला तिथे रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

"दोन घ्या," बाई म्हणाल्या. "आणि धुऊ नका हं नाणी. चिंच नको, पितांबरी नको. हा काळेपणाच त्यांचं अंग असतो."

"छे हो, आमच्याकडे कोण धुतंय!" असं मी म्हणाले. अगदी ह्याच शब्दांत.

सातशेच्या आसपास एकेक अल्बम पडला. स्वस्त नाही, पण घ्यायचा तर असाच घ्या. भडंगाचा पुडा घेतला आणि तासगावमार्गे विट्याची एसटी पकडली. तासगावच्या पुढे हिरवं विरळ होत जातं, माळ लागतो, हवा कोरडी होते. अल्बम मांडीवर होते. कुठल्या पानावर कुठलं नाणं याचा विचार करत होते. विट्यातून वडापच्या, म्हणजे सीट भरली की सुटणाऱ्या, जीपने गाव गाठलं तेव्हा उन्हं कलली होती.

दारातच तात्या. चेहऱ्यावर नुसता आनंद. "आलीस? चल, दावतो तुला."

पुढच्या सोप्यात पांढरा पंचा अंथरला होता. त्यावर ओळीने नाणी मांडलेली. पांढरीशुभ्र. सगळी एकसारखी. एकालाही कडी नाही.

मला आधी वाटलं ही दुसरीच कुणाचीतरी आहेत.

"सकाळधरनं बसलोय," तात्या सांगत होते. "तापवून कड्या उतरवल्या, डाकल्याली जागा घासून सपाट केली. मग पातळ तेजाबात काढली. बघ की, टाकसाळीतनं आल्यागत. आता बसतील का न्हाई तुझ्या कप्प्यात?"

"तात्या, तुम्ही हे कुणाला विचारून केलंत?"

"इचारायचं काय त्यात? चार मान्सं बघनार. काळी चांदी आपन कवा गिऱ्हाइकाच्या हातात दिली व्हय? उजळूनच द्यायची."

आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. दुकानातून काळी वस्तू बाहेर गेली तर धंद्याला बट्टा. त्यांनी त्या नाण्यांना मानच दिला होता. तरी मी ओरडले. इतकी, की शेजारीण डोकावली. तात्या पंच्याचं टोक चुरगाळत उभे राहिले आणि त्यांना अजूनही कळत नव्हतं, काय चुकलं.

आण्णा आतल्या खोलीत उशीला टेकून होते. तात्यांनी त्यांना गंमत म्हणून सांगितलंच नव्हतं. मी पंचा तसाच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एक नाणं उचललं, कडा चाचपली. दुसरं उचललं. तिसरं डोळ्यांजवळ नेलं. मशीन घरघरत होतं.

"कुनाचं हे?" त्यांनी मलाच विचारलं.

मी पर्समधलं नाणं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. काळं, एका बाजूला तिरकी डाकलेली कडी, राणीच्या केसांत कुंकू. त्यांची बोटं लगेच त्या कडीवर गेली.

"ही बाई आली हुती... सांजच्याला. लेकरू दवाखान्यात. पैसं दिलं मी." दम घेतला. "म्हनली, दादा, हे वितळू नका. मी परत येते."

"आली?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आणि बाकीची?"

"समदीच म्हनायची. परत येतो." पुन्हा दम. "मग वितळायची व्हय?"

तेव्हा मला कळलं की हा नाण्यांचा संग्रह नव्हताच. ती ठेव होती. आण्णांना दोन्ही बाजू दिसायला हव्या होत्या त्या हौसेसाठी नाही, तर कुणी आलंच तर आपलं ओळखता यावं म्हणून. मी चिठ्ठी काढली, नाव विचारलं. त्यांना नाव ठाऊक नव्हतं. "कडी तिरकी," म्हणाले, "त्येवढं लिव." मी तेवढं लिहिलं. दारात तात्या उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते न्हाणीघरात गेले आणि किती तरी वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.

मी आठवडाभर राहिले. रोज एकेक नाणं त्यांच्या हातात द्यायचे. ते फिरवून बघायचे आणि पंच्यावर ठेवून द्यायचे. नंतर नंतर हातात घेईनासेच झाले. मी लोणंदला परतले आणि पंधरवडा व्हायच्या आत पुन्हा जावं लागलं, या खेपेला बॅग न भरता. आण्णा गेले. तात्या दहाव्यालाही माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मीही अजून त्यांना फोन केलेला नाही. करायला हवा, हे कळतं.

दोन्ही अल्बम आता माझ्या कपाटात आहेत. दमट हवेसाठी आत सिलिका जेलच्या पांढऱ्या पुड्या टाकल्यात, तुम्हीही टाका. घरी आलेली माणसं पानं उलटतात, काय चमकतात म्हणतात आणि पहिल्या पानावरचं काळं नाणं बघून विचारतात, हे एवढं धुवायचं राहिलं का? बाकी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांची माणसं उद्या दारात आली तरी त्यांना आपलं नाणं ओळखता येणार नाही आणि मलाही देता येणार नाही, हे मला रात्रंदिवस टोचतं.

तिकडे ओडिशात कुणाच्या ओळखीत ती बाई असेल म्हणून लिहून ठेवते. राणीछाप रुपया, कडी तिरकी, केसांत कुंकू. संध्याकाळी दिला होता, लेकरू दवाखान्यात होतं. तो माझ्याकडे आहे. धुतलेला नाही.