दादांचा टोन

गिटार वाजवता वाजवता ते उजव्या पायातली चप्पल काढायचे आणि जमिनीवरच्या पेडलचा नॉब अंगठ्याने हळूच फिरवायचे. मान तिरकी, डोळे मिटलेले. सूर एकदा घुमला की म्हणायचे, "मीठ कमी आहे अजून." मग अंगठा पुन्हा नॉबवर.

विश्रांतवाडीतल्या आमच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये सगळे त्यांना दादा म्हणायचे. दिवसा भोसरीच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर पत्रा कापायचे आणि संध्याकाळी बुद्धविहारामागच्या हॉलमध्ये तालमीला यायचे. मी कीबोर्ड वाजवतो, म्हणजे बसून. दादांच्या मते बसून वाजवायचं ते वाद्यच नव्हे. "ऑफिसातही बसतोस, इथेही बसतोस. उभा कधी राहणार?"

त्यांना हवा होता तो ओव्हरड्राइव्ह. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायाने पेडल दाबलं की गिटारचा स्वच्छ आवाज घोगरा, भरदार होतो. जयंतीच्या गाण्यात कोरस संपून गिटार एकटी पुढे येते, तिथे हा आवाज अंगावर काटा आणतो, म्हणजे आणायला हवा. दादा म्हणायचे, "आवाज फाटला पाहिजे, पण चिंध्या नाही झाल्या पाहिजेत." त्यापायी त्यांनी किती पेडलं घेतली आणि किती विकली, ते वहिनींनाच विचारा. "लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, आमच्याकडे हे डबे," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. असा एखादा नादिष्ट माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याची चेष्टा करावी आणि त्याच्याच घरी चहा प्यायला जावं.

पुढेपुढे मात्र चेष्टा करवेना. टोन कडक होत चालला होता. आधी नुसता टोचायचा, मग दातांत कळ जायला लागली. पुढच्या रांगेतल्या बायका पोरांच्या कानांवर हात ठेवायच्या. आमचा साऊंडवाला मागून गिटार निम्म्यावर आणायचा आणि दादा इकडे नॉब आणखी वर न्यायचे. मीठ कमीच पडत होतं.

मी तोंडावर सांगितलं, "दादा, फार तीक्ष्ण लागतंय."

"तुझे कान इअरफोनने गेलेत," ते म्हणाले.

शेवटी आमच्या गायकाने स्पष्ट सांगितलं, जयंतीला असंच वाजणार असेल तर गिटार नको. दादांचा चेहरा असा पडला, की मला गायकाचा राग आला, आणि त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

वहिनींना वेगळीच शंका होती. हाक मारली तर वळून बघत नाहीत, टीव्ही अख्ख्या बिल्डिंगला ऐकवतात. त्यांनी गळ घातली म्हणून कानाच्या तपासणीला मी दादांबरोबर गेलो. काचेच्या खोलीत हेडफोन लावून त्यांना बसवलं. बारीक आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. बाहेर तपासणाऱ्या बाई एकामागून एक आवाज सोडत होत्या. सुरुवातीला दादांनी भराभर बटण दाबलं. मग ते मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी आतून काचेवर टकटक केली आणि विचारलं, "मॅडम, सुरू कधी करताय?"

मला तिथे बसवेना.

वरचे सूर गेले होते. कंपनीतल्या आवाजाने गेले असणार, बाई म्हणाल्या, आणि गेलेलं परत येत नाही. दादा बिचारे ते सूर पेडलमध्ये शोधत होते.

मग कानाचं मशीन आलं. ते लावून पहिल्याच तालमीला त्यांनी पेडल दाबलं, तार छेडली आणि लगेच हात आवरला. त्या मशीनला माणसांचं बोलणं झेपायचं, ओव्हरड्राइव्ह झेपत नव्हता. मशीन काढून खिशात टाकत ते म्हणाले, "जन्मभर कंपनीत पत्रा कापला. आता गिटारीतूनही पत्राच ऐकू येतो."

जयंतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. "मी वाजवतो, तू ऐक." तोच तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. मी पेडलचे, अ‍ॅम्पचे नॉब फिरवत होतो आणि ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. माझी भुवई हलली तरी विचारायचे, "जास्त झालं?" दुपार कलल्यावर कुठे जमलं. वहिनींच्या नेलपेंटने आम्ही नॉबांवर खुणा करून ठेवल्या.

"आता याला हात लावायचा नाही," मी दटावलं.

"लावून मला काय कळणार आहे?" ते म्हणाले.

जयंतीच्या कार्यक्रमात कोरस संपला आणि दादांची गिटार पुढे आली. घोगरी, ऊबदार, शेवटाला जरा रडवेली. इतक्या वर्षांत तो आवाज मी त्यांच्याकडून ऐकला नव्हता. मंडपातली कुजबुज थांबली. साऊंडवाल्याने मागून हात उंचावला. ऐकता ऐकता मी पट्टी चुकलो.

त्या दिवसानंतर दादांनी गिटार वाजवली नाही. पुढच्या तालमीला पेडलं घेऊन वहिनीच आल्या आणि ठेवून गेल्या. पण तेव्हा ते कोणाला माहीत होतं? आमचा कार्यक्रम आटोपल्यावर स्टेजच्या मागे मी वायरी गुंडाळत होतो, ते जवळ येऊन उभे राहिले.

"लोक गप्प झाले ते बघितलं मी. मला मात्र गोधडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येत होतं." मग म्हणाले, "कसा होता रे? सांग ना."

मी सांगायला लागलो. शब्द सापडेनात, तरी सांगत राहिलो. पलीकडे दुसऱ्या ग्रुपचं गाणं सुरू झालं होतं, ढोलकी दणाणत होती. दादा एकटक माझ्या ओठांकडे बघत होते.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "हळू बोल."