खटक्याच्या पर्समधली गाठ

ती पर्स मी विणली होती. एवढं एक वाक्य मला वेळेवर बोलता आलं नाही, आणि त्यापायी माझ्या बायकोला सहा बायकांसमोर धडधाकट बोटाला पट्टी बांधून बसावं लागलं.

झालं असं, की मी तंबाखू सोडली, पण मळायची सवय सुटेना. ऑफिसात फाईल वाचतानाही उजवा अंगठा डाव्या तळव्यावर आपोआप फिरायचा. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी काम द्या. म्हणून मोबाईलवर बघून मी क्रोशाची सुई धरायला शिकलो. ओळखीच्या कारखान्यातून टॉवेलचं उरलेलं सूत मिळालं. सगळे तुकडेच, पण गाठी मारून जोडत मी विणत गेलो.

आईच्या जुन्या पर्सचं रेक्झिन कधीच फाटून गेलं होतं. राहिला होता तो पितळी खटका, वर दोन मणी असलेला, दाबला की ‘कट्’ करून मिटणारा. तो बघून बायको म्हणाली, “जुन्या फोटूतल्या बायकांच्या हातात असत्यात तसली पर्स मला करा की.”

पहिल्यांदा पिशवीचं तोंड खटक्यापेक्षा चार बोटं रुंद झालं. उसवलं. मग ते इतकं अरुंद झालं, की मूठ आत जाईना. तिसऱ्यांदा जमलं. खटक्याच्या कडेला बारीक भोकं होती. त्यांतून सुई घालून पिशवी शिवताना मला तंबाखूची आठवणसुद्धा झाली नाही. दाराची बेल वाजली, की मात्र सगळं उशीखाली जायचं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मागावर चादरी विणल्या, त्यांना कधी कुणी हसलं नाही. पण क्रोशा म्हणजे बायकांचं काम, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

भवानी पेठेत आमच्या गल्लीतल्या एका बारशाला बायकोनं ती पर्स नेली. बायकांनी ती हातोहात फिरवली. कट्, कट्, कट्.

“वहिनी, कुणी केली हो?”

माझ्या शेजारी तंबाखूच्या काळातले तीन मित्र उभे होते. बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याचं कौतुक मावत नव्हतं. ती तोंड उघडणार तोच मी ओरडलो, “हिनंच केली! हिच्या हातात कलाच आहे.”

कलेचं कुणी विचारलं नव्हतं. ती मी पदरची घातली.

“मग रविवारची भिशी तुमच्याकडंच हाय. तवाच शिकवा की आमाला!”

घरी येताना बायको म्हणाली, “अवो, मला साधं बटण लावता येत न्हाय. उद्या जाऊन खरं सांगून टाका.”

“आठ दिवस आहेत. शिकशील,” मी म्हणालो.

ती मैंदर्गीच्या शेतकरी घरातली. तिच्यासारखी पातळ भाकरी आमच्या गल्लीत कुणाला जमत नाही. पण सुई तिच्या हातात खुरप्यासारखी चालायची. धाग्याचा असा गुंता व्हायचा, की आत सुई शोधावी लागायची. आणि ज्याच्यामुळं हे सगळं झालं, तो मी तिच्यावरच खेकसलो, “एवढं सोपं कसं जमत नाही तुला?”

“सोपं हाय तर तुमीच बसा की रविवारी लुगडं नेसून!”

शनिवारी मी युक्ती काढली. बोट कापलंय म्हणून पट्टी बांधायची आणि तिनं नुसतं तोंडानं सांगायचं. काय सांगायचं ते मी कागदावर मुद्देसूद लिहून काढलं आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं. ऑफिसच्या कामात मी इतका नेटका कधीच नव्हतो.

रविवारी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, कान आणि डोळे बाहेर होते. “आधी साखळी घालायची, मग खांब,” बायको शाळेतल्या कवितेसारखं म्हणत होती. निभावलंही असतं. पण भिशीत एक वयस्कर मावशी होत्या. विणकराच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, उभा जन्म कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरलेल्या. त्यांनी पर्स उलटी केली. आत मी अस्तर लावलं नव्हतं.

“अय्यो, ही गाठ तर मागावरची!”

“म्हंजे?” कुणीतरी विचारलं.

“सूत तुटलं की आम्ही अशी मारतो. बारीक, चपटी. ओढली तरी सुटत नाही. पोरी, तू तर मैंदर्गीची. तुला कुणी शिकवली?”

“अशीच... येते.”

“मग मारून दाखव.”

“बोट कापलंय, मावशी.”

“एकाच बोटाला पट्टी हाय. नऊ मोकळी हायत की,” शेजारची एक म्हणाली.

कोपऱ्यातून एक आवाज आला, “विकत आणली असंल. आणि म्हणायचं, मी केली.” दोघी हसल्या.

बायकोनं नुसतं स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं असतं, तरी ती सुटली असती. तिनं ते दाखवलं नाही. धाग्याची दोन टोकं घेतली आणि मान खाली घालून ती धडपडू लागली.

मी बाहेर आलो. हातात गाळणी तशीच होती. फरशीवर चहाचे थेंब पडत होते. गाळणी कोपऱ्यातल्या त्या आवाजाच्या हातात दिली, बायकोकडून धागा घेतला आणि वडिलांनी शिकवलेली गाठ मारली. मावशींनी दोन्ही टोकं ओढून बघितली. सुटली नाही.

“पर्स मी विणली,” मी म्हणालो. “मित्र हसतील म्हणून हिचं नाव सांगितलं.”

“हे आम्हाला काय सांगतो?” मावशी म्हणाल्या. “तिला सांग की.”

मी वळलो. बायको बोटाची पट्टी सोडत होती.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “माझी लाज झाकायला तुला पुढं केलं, आणि वर तुलाच बोललो. खोटं मी बोललो, तू नाहीस. मला माफ कर.”